टॉप सर्जरीतले धोके आणि गुंतागुंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी टॉप सर्जरी, म्हणजे स्तन काढून छाती सपाट करण्याची शस्त्रक्रिया, होऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर पुण्यामुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या बऱ्याच ट्रान्स मुलांच्या, म्हणजे जन्मतः मुलगी ठरवलेल्या पण स्वतः मुलगा असलेल्यांच्या, उशाशी मी बसलोय. कुणाचा ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी आणि फुगा) रिकामा केलाय, कुणाच्या आईला फोनवर धीर दिलाय. प्रश्न तेच असतात, पण येतात शस्त्रक्रिया झाल्यावर, रात्री अकरानंतर. ते आधीच विचारले जावेत म्हणून ही उत्तरं लिहितोय. मी डॉक्टर नाही. तुमच्या शरीराबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय काय विचारायचं, ते इथे मिळेल.

या शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात?

स्तनांतल्या ग्रंथी आणि चरबी काढून छाती सपाट करतात. पद्धती मुख्यतः दोन. छाती मोठी असेल किंवा कातडी सैल पडली असेल तर दोन्ही बाजूंना खाली लांब छेद घेतात, जादा कातडी काढतात, निपल काढून लहान करतात आणि योग्य जागी कलमासारखं लावतात. याला डबल इन्सिजन म्हणतात. छाती लहान आणि कातडी घट्ट असेल तर निपलच्या गडद वर्तुळाच्या कडेने छोटा छेद घेऊन आतली ग्रंथी काढतात. त्याला कीहोल किंवा पेरिअरिओलर म्हणतात.

धोके पद्धतीप्रमाणे बदलतात. लांब छेदात व्रण मोठा राहतो आणि निपलचं कलम धरेल की नाही ही काळजी असते. छोट्या छेदात व्रण जवळजवळ दिसत नाही, पण सर्जनला आतलं कमी दिसतं, त्यामुळे आत रक्त साठण्याचं आणि नंतर पुन्हा दुरुस्ती करावी लागण्याचं प्रमाण जास्त असतं. ‘मला डाग नको, कीहोलच करा’ असा हट्ट मी पुष्कळांचा पाहिलाय. माझं मत स्पष्ट आहे: पद्धत तुमच्या कातडीने ठरवू दे, डागाच्या भीतीने नको. सैल कातडीवर कीहोल केलं तर सुरकुतलेली छाती पदरी येते आणि शेवटी लांब छेद घ्यावाच लागतो.

ही शस्त्रक्रिया नवीन खूळ आहे असं घरचे म्हणत असतील तर त्यांना मायकेल डिलनबद्दल सांगा. या ब्रिटिश माणसाची छातीची शस्त्रक्रिया १९४२ साली ब्रिस्टलमध्ये झाली. पुढे तो डॉक्टर झाला, मग भारतात येऊन बौद्ध भिक्षू झाला आणि १९६२ साली डलहौसीत वारला.

जिवाला धोका असतो का?

निरोगी, तरुण माणसाच्या बाबतीत जीव जाण्याची वेळ अत्यंत क्वचित येते. तरी ही पूर्ण भूल देऊन, दोनचार तास चालणारी शस्त्रक्रिया आहे, तेव्हा भुलेचे धोके आहेतच. म्हणून भूलतज्ज्ञापासून काही लपवू नका. दमा, फिट, थायरॉइड, झोपेत घोरणं, दारू, गांजा, चालू असलेल्या मानसोपचाराच्या गोळ्या, सगळं सांगा. ते तुमची परीक्षा घेत नसतात, औषधाचं प्रमाण ठरवत असतात.

हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी या तपासण्या होतीलच. पण तुमचं कुटुंब विदर्भातलं, नंदुरबारकडचं किंवा कुठल्याही आदिवासी पट्ट्यातलं असेल तर सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का, ते स्वतःहून विचारा. मुंबईतल्या दवाखान्यात हा प्रश्न सुचेलच असं नाही, आणि सिकलसेल असेल तर भूल देताना प्राणवायू, पाणी आणि शरीराचं तापमान यांची वेगळी काळजी घ्यावी लागते.

दुसरा धोका पायात रक्ताची गुठळी होण्याचा. ती सुटून फुप्फुसात गेली तर गंभीर. त्यावर उपाय म्हणजे त्याच संध्याकाळी आधार घेऊन उठणं, थोडं चालणं, भरपूर पाणी पिणं.

टेस्टोस्टेरॉन बंद करावं लागतं का?

टेस्टोस्टेरॉन म्हणजे बरेच ट्रान्स पुरुष घेतात ते पुरुषी हार्मोन. बरेच सर्जन ते बंद करायला सांगत नाहीत, काही सांगतात. टेस्टोस्टेरॉनमुळे रक्त दाट होऊ शकतं, म्हणून हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण किती त्याचा, ताजा अहवाल जवळ असू द्या. स्वतःच्या मनाने इंजेक्शन बंद करू नका, आणि राहून गेलं म्हणून दुप्पटही घेऊ नका. टेस्टोस्टेरॉन घेतलेलंच नसेल म्हणून ही शस्त्रक्रिया करता येत नाही, असंही नाही.

सगळ्यात लवकर काय बिघडू शकतं?

आत रक्त साठणं. डॉक्टर त्याला हिमॅटोमा म्हणतात. बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांतच होतो.

एका मुलाची रात्र मला अजून जशीच्या तशी आठवते. शस्त्रक्रिया सकाळी झाली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं. रात्री दीडला त्याने मला हलवून उठवलं, ‘दादा, डावीकडे कुणीतरी आतून ढकलतंय.’ शस्त्रक्रियेनंतर घालायच्या, दाब देणाऱ्या जॅकेटची चेन थोडी उघडून पाहिलं. उजवी बाजू मऊ होती. डावी बाजू टणक, कातडी ताणून चकाकत होती आणि काखेपर्यंत जांभळट झाली होती. त्या बाजूचा ड्रेन झोपताना रिकामा केला होता, तो दोन तासांत गडद लाल रक्ताने भरला होता. गोळीने वेदना हलतही नव्हती. सर्जनना फोन केला, रिक्षाने परत नेलं. पहाटे त्यांनी टाके उघडून साकळलेलं रक्त काढलं, वाहणारी शीर बंद केली. आज त्याच्या दोन्ही बाजूंत फरक ओळखू येत नाही.

यात लक्षात ठेवायचं ते हे: दुखणं दोन्हीकडे असतं, ते चालतं. एकच बाजू अचानक फुगणं, टणक होणं, एकाच बाजूची वेदना वाढत जाणं, एकाच ड्रेनमध्ये भराभर ताजं रक्त येणं, हे चालत नाही. सकाळपर्यंत थांबू नका.

रक्त वाहू नये म्हणून आधी काय करता येतं? अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते विचारा, आणि लसणाच्या कॅप्सूल, आयुर्वेदिक काढे, जिमची पावडर यांचीही नावं सांगा. ‘ते औषध थोडंच आहे’ म्हणून गाळू नका.

ड्रेन घरी सांभाळायला जमेल का?

जमेल. काखेखालून दोन्ही बाजूंना एकेक बारीक नळी बाहेर येते, टोकाला मुठीत मावेल एवढा प्लॅस्टिकचा फुगा. फुगा दाबून चपटा करायचा आणि तसाच धरून झाकण लावायचं, म्हणजे तो आतला स्राव ओढून घेतो. फुगा हवेने फुगलेला असेल तर तो काहीच ओढत नाही. ही सगळ्यात जास्त होणारी चूक. दिवसातून दोनदा किती मिलिलिटर आलं ते वहीत लिहा, डावं-उजवं वेगळं. रंग आधी लाल, मग गुलाबी, मग पेंढ्याच्या पाण्यासारखा पिवळट होत जातो. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आलं की डॉक्टर ड्रेन काढतात. काही सर्जन ड्रेन ठेवतच नाहीत, तीही एक पद्धत आहे.

नळी दाराच्या कडीत अडकते, झोपेत ओढली जाते. शर्टाच्या आतून सेफ्टी पिनने फुगा टाचून ठेवा.

ड्रेन काढल्यावर छातीत पाणी डुचमळतंय असं वाटतं. हे काय?

बहुधा सीरोमा. ग्रंथी काढलेल्या पोकळीत पिवळसर पाणी साठतं. थोडं असेल तर शरीर शोषून घेतं, जास्त असेल तर डॉक्टर सुईने काढतात. त्या भागाला बधिरपणा असल्याने सुई फारशी दुखत नाही. हे टाळायचं तर दाब देणारं जॅकेट सांगितलेले सगळे दिवस घाला, बहुतेकांना तीन ते सहा आठवडे. आणि हात जपा: दळणाचा डबा, गॅस सिलिंडर, मोटारसायकल स्टँडवर चढवणं, लोकलमध्ये वरची कडी धरून लटकणं, हे चारसहा आठवडे पूर्ण बंद.

निपल काळं पडलंय. गेलं का ते?

बहुतेक वेळा नाही, पण हा क्षण भयंकर असतो, म्हणून जरा सविस्तर.

कलम म्हणून लावलेल्या निपलला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एकदोन दिवस ते खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगतं, मग हळूहळू रक्तवाहिन्या जोडल्या जातात, आणि साधारण आठवड्याने रक्त नीट खेळू लागतं. म्हणूनच त्यावर पाचसात दिवस घट्ट बांधलेली गादी असते आणि ती हलवायची नसते. गादी काढल्यावर दिसतं ते खपलीदार, काळपट, कधी जांभळं. वरचा थर मरून खपली धरतो आणि दोनतीन आठवड्यांत गळून पडतो. खाली गुलाबी कातडी असते. माझी खपली आंघोळीच्या मगात पडली होती आणि मी तिथेच मटकन खाली बसलो होतो. खाली सगळं ठीक होतं.

खपली ओढून काढू नका. मात्र घाण वास, पू, भोवती पसरणारी लाली, किंवा खपलीखालची जागा मऊ पडून खोल जात असेल तर दाखवा. कधी निपलचा काही भाग, क्वचित पूर्ण निपल मरतं. तेव्हा जखम मलमपट्टीने भरते आणि नंतर टॅटू करून निपलसारखं रूप देता येतं.

एक गोष्ट आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांना आधी सांगायला हवी आणि सांगितली जात नाही: कलमाचा रंग जाऊ शकतो. गोऱ्या माणसाच्या छातीवर तो फिकटपणा दिसतही नाही, आपल्यावर पांढरट-गुलाबी ठिपका ठळक दिसतो. बऱ्याचदा रंग काही महिन्यांत परततो, कधी अर्धवटच. सर्जनकडे फोटो मागाल तेव्हा तुमच्याच रंगाच्या लोकांचे मागा, आणि एक वर्षानंतरचे.

संसर्ग झाला तर कसं ओळखायचं?

ताप, वाढती लाली, ऊब, पू, वास. अँटिबायोटिकने सहसा आटोक्यात येतो, पण उशीर करू नका. आपल्याकडचा वेगळा त्रास घामाचा: मुंबई, कोकण, गोव्याच्या दमटपणात जॅकेटखाली घामोळं आणि बुरशी येते. जमत असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाठा. जखमेवर हळद, तूप, कोरफड, देवीचा अंगारा काहीही लावू नका. आजी प्रेमाने आणेल, तिला समजावून सांगा.

व्रण किती दिसेल? केलॉइड होईल का?

व्रण आधी लाल-तपकिरी आणि जाड होतो, मग वर्ष-दीड वर्षात बसत जातो. केलॉइड म्हणजे व्रण जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणं, आणि सावळ्या कातडीत, छातीच्या मध्यभागी, ते होण्याचं प्रमाण जास्त आहे. घरच्या घरी एक तपासणी करा: कान टोचलेल्या जागी गाठ आली होती का? दंडावरचा बीसीजीचा डाग फुगून खाजतो का? आईवडिलांपैकी कुणाच्या ऑपरेशनचा व्रण असा वाढलाय का? असं असेल तर सर्जनला आधीच दाखवा. दोन्ही बाजूंचे छेद मध्ये जोडायचे टाळता आले तर ते टाळतात, आणि जखम बंद झाल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल लवकर सुरू करतात. तरी वाढलाच तर स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. केलॉइड नुसता कापून काढला तर पुन्हा येतो, कधी पहिल्याहून मोठा, म्हणून असा सल्ला देणाऱ्यापासून जपून.

छातीला स्पर्श कळेल का?

सुरुवातीला बराच भाग बधिर असतो. काही महिन्यांनी मुंग्या, विजेचे झटके, खाज येते, ते नसा जुळत असल्याचं लक्षण. कातडीची जाणीव बरीचशी परतते. डबल इन्सिजनमध्ये निपलची नस कापली जाते, त्यामुळे तिथली कामुक जाणीव बहुतेकदा कायमची जाते, थंड-गरम किंवा दाब एवढंच कळतं. तुमच्यासाठी ती जाणीव महत्त्वाची असेल तर हे लाजून सोडू नका, मोकळेपणाने बोला. आणि बधिर छातीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळत नाही.

एका शस्त्रक्रियेत काम होतं का?

बहुतेकांचं होतं. पण दुसऱ्यांदा थोडी दुरुस्ती लागू शकते हे पैशांचा हिशेब करतानाच धरा. बेल्जियममधल्या गेंटच्या सर्जननी २००८ साली ९२ जणांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांच्या १८४ बाजूंपैकी १२.५ टक्क्यांत गुंतागुंत झाली, तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली ती सुमारे ४ टक्क्यांत. पण रूप सुधारण्यासाठी नंतर काहीतरी करावं लागलं असं ३२ टक्के बाजूंवर. म्हणजे मोठं संकट कमी वेळा येतं, छोटी दुरुस्ती बऱ्याचदा. काखेकडे छेदाच्या टोकाला कातडीचा उंचवटा राहणं, ज्याला डॉग इअर म्हणतात, एक बाजू किंचित खोल, निपल वरखाली, असल्या गोष्टी. सूज पूर्ण उतरायला सहा महिने-वर्ष लागतं, त्याआधी आरशाशी भांडण नको. दुरुस्तीचे पैसे वेगळे की पहिल्याच पॅकेजमध्ये, हे लेखी घ्या.

मी सिगारेट ओढत नाही, फक्त मिश्री लावतो. चालेल?

नाही. निकोटीन कसंही आत गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि निपलचं कलम त्या वाहिन्यांवरच जगतं. मिश्री, गुटखा, तंबाखू-चुना, तपकीर, व्हेप, निकोटीनचा च्युइंगगम, सगळं मोजतात. बहुतेक सर्जन निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद ठेवायला सांगतात. सुटत नसेल तर तारीख पुढे ढकला. तारीख पुन्हा मिळते.

माझा मुलगा तिसऱ्या दिवशी खूप रडला. आम्ही चूक तर केली नाही ना?

ताई, हे फार जणांना होतं. भुलेचा उतार, वेदना, झोप नाही, हात वर जात नाहीत, सुजलेली छाती अजून मनातल्यासारखी दिसत नाही. दोन आठवड्यांत हे सहसा निवळतं. त्याच्याजवळ बसा, केस धुऊन द्या, वरणभात भरवा. ‘बघ, म्हटलं नव्हतं का’ एवढं मात्र म्हणू नका. उदासी टिकली किंवा मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

आणि पुढे पश्चात्ताप झाला तर?

काहींना होतो, ते नाकारण्यात अर्थ नाही, आणि काढलेली ग्रंथी परत येत नाही. पण प्रमाण कमी आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने २०२३ साली छापलेल्या अभ्यासात १३९ जणांनी उत्तरं दिली. शंभरपैकी गुण मोजायच्या पश्चात्तापाच्या मापावर मधला आकडा शून्य आला. बोलावलेले २३५ होते, म्हणजे न बोललेले बरेच, हेही लक्षात घ्या. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर, मानसोपचारतज्ज्ञांशी दोनतीनदा मोकळं बोलून निर्णय घ्या. शस्त्रक्रियेआधी त्यांच्याकडून घ्यायचं पत्र म्हणजे नुसता अडथळा आहे असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, त्या तासाभरात मी पहिल्यांदा माझी भीती मोठ्याने बोललो.

कॅन्सरची काळजी संपली ना?

खूप कमी झाली, संपली नाही. आकार नीट यावा म्हणून थोडी ग्रंथी मागे ठेवतात. आई, मावशी, आजी यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर आधी सांगा, शस्त्रक्रियेची आखणीच बदलू शकते. काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा आणि अहवाल जपून ठेवा. पुढे कधीही गाठ लागली तर दाखवा. पुढे मूल जन्माला घातलंत तर उरलेली ग्रंथी सुजू शकते. अंगावर पाजता येईल यावर मात्र विसंबू नका.

सर्जन कसा निवडायचा?

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी पाहा. प्लॅस्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी पाहा. ट्रान्स पुरुषांच्या अशा किती शस्त्रक्रिया केल्या, हिमॅटोमा किती जणांना झाला, रात्री दोनला फोन कोण उचलतं, ते विचारा. ‘माझ्याकडे कधीच काही होत नाही’ असं म्हणणाऱ्यापेक्षा ‘होतं, आणि झालं तर मी हे करतो’ म्हणणारा बरा. संमतीपत्र इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका.

कोणत्या लक्षणांना अजिबात थांबायचं नाही?

श्वास लागणं, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, एकच पोटरी सुजून दुखणं, चक्कर येऊन पडणं: १०८ ला फोन. एक बाजू फुगून टणक होणं, ड्रेन ताज्या रक्ताने भराभर भरणं, थंडी वाजून ताप: लगेच सर्जनला.

घरी कुणालाच सांगितलेलं नाही. एकट्याने उरकून आलो तर?

हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं, आणि माझं उत्तर नेहमी ‘नको’ असतं. घरच्यांना सांगाच असं मी म्हणत नाही, ते प्रत्येकाला परवडत नाही. पण वर लिहिलेल्या बहुतेक गोष्टी वेळेत कळल्या तर निभावतात, आणि त्या कळायला दुसऱ्या माणसाचे डोळे लागतात. त्या मुलाने मला हलवून उठवलं, कारण हलवायला शेजारी कुणीतरी होतं. जुना मित्र, खोलीवरचा सोबती, आधी हे करून गेलेला एखादा दादा, कुणीही चालेल, पण पहिले पाच दिवस चोवीस तास. गाव लांब असेल तर निदान पहिली ड्रेसिंग उघडेपर्यंत दवाखान्याजवळ खोली घ्या. खड्ड्यांच्या रस्त्यावर दहा तास एसटीत बसून ड्रेनसह जाऊ नका.

त्या माणसाला आधीच तीन गोष्टी द्या: सर्जनचा रात्रीचा नंबर, तुमचा रक्तगट आणि औषधांची अ‍ॅलर्जी लिहिलेला कागद, आणि ड्रेनची वही. फुगा कसा चपटा करायचा ते दवाखान्यातून निघण्यापूर्वी सिस्टरसमोर त्याच्या हाताने एकदा करून घ्या.